टीव्हीवरचा ॲनिमे: एक भाग भारी अन् पुढचा भंगार, असं काहून होतंय?

परभणीकर_०७

रामराम मंडळी. होस्टेलच्या पोरांच्या नादानं नारुतो ही ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका बघायलोय, पहिल्या मालिकेच्या शंभराव्या भागाच्या आसपास आहे. काही गोष्टी डोक्यात बसंनात म्हणून इथं विचारतोय.

एकाच मालिकेत एका भागात मारामारी अशी की डोळे फाटावेत, अन् पुढच्या भागात तोंडं वाकडी, हात लांबडे. पोरं म्हणतात स्टुडिओनं पैसे खाल्ले. खरं काय? फिलर, म्हणजे मूळ गोष्टीत नसलेले मधे घातलेले भाग, सोडायचे तर कोणते, अन् सोडल्यावर गोष्ट तुटते का? "बारा भाग कळ काढ, पुढं लई भारी होतंय" हे किती मानायचं? शेवटचं, हिंदीत लावलं की पोरं हसायलेत. जपानीच ऐकायला पाहिजे का? रोजचा डेटा दीड जीबी आहे, तेवढं धरून सांगा.

जुनं_खोड_नांदेड

भाऊ, पैसे खाल्ले ही आपल्या रस्त्याच्या कामांवरून लागलेली सवय आहे, ती तिकडं लावू नका. अडचण पैशाची कमी अन् वेळेची जास्त आहे.

एक भाग साधारण २४ मिनिटांचा. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं दीड मिनिट, राहिली २१ मिनिटं. पडद्यावर सेकंदाला २४ चौकटी जातात, पण टीव्हीच्या ॲनिमेत एक चित्र बहुतेक वेळा तीन चौकटी धरून ठेवतात, म्हणजे सेकंदाला ८ चित्रं. ही काटकसर १९६३ साली ओसामु तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'पासून चालत आलीय. आठवड्याला एक भाग द्यायचा तर दुसरा इलाजच नव्हता. आता २१ मिनिटांच्या १,२६० सेकंदांना ८ नं गुणलं तर दहा हजारांवर चित्रं होतात. प्रत्यक्षात एका भागाला साधारण ३,००० ते ४,००० च काढतात. बाकीची भर कशी घालतात? नुसते ओठ हलतात, स्थिर चित्रावरून कॅमेरा सरकतो, पाठमोरा माणूस बोलतो, आभाळ दाखवतात. वाचलेली चित्रं मारामारीच्या दोन मिनिटांत ओततात. म्हणून एकाच भागात सुद्धा सुकाळ अन् दुष्काळ शेजारी शेजारी दिसतो.

आता वाकडी तोंडं. कामाचा क्रम असा: आधी एकॉन्ते, म्हणजे सगळ्या भागाचा चित्रांतला आराखडा, साधारण ३०० कट, म्हणजे दृश्याचे सलग तुकडे. मग प्रत्येक कटचा लेआउट, म्हणजे चौकटीत काय कुठं येणार त्याची मांडणी. मग गेंगा, म्हणजे हालचालीतली मुख्य चित्रं. ही वेगवेगळ्या लोकांनी काढलेली असतात, त्यामुळं एकाच पात्राचं नाक प्रत्येकाच्या हातात वेगळं येतं. ते एका वळणावर आणायचं काम साकुगा कांतोकु करतो. तो गेंगावर दुसरा कागद ठेवून चेहरे दुरुस्त करतो. मग दोगा, म्हणजे मधली चित्रं, मग रंग, मग सगळं एकत्र जोडणं. एकॉन्तेच तीन आठवडे उशिरा आला तर पुढच्या सगळ्यांचे दिवस कापले जातात, पण प्रसारणाची तारीख हलत नाही. दुरुस्ती करणाऱ्याच्या हातात मग सगळे कट येतच नाहीत. जवळून दिसणारे चेहरे तो नीट करतो, लांबचे तसेच सोडतो. तुम्हाला दिसलेली वाकडी तोंडं बहुतेक लांबच्या किंवा मधल्या अंतराच्या कटमधली असणार, तपासून बघा. बनी तो बनी, नहीं तो परभणी! (हे तुमच्याच गावाचं आहे, राग मानू नका.)

मग जास्त पैसे टाकले तर? एका मर्यादेपर्यंतच फरक पडतो, कारण चांगले हात मोजके आहेत अन् ते बरेच आधी कुणीतरी बोलून ठेवलेले असतात. बहुतेक जण स्वतंत्र काम करणारे. गेंगाचा मोबदला कटवर, दोगाचा चित्रावर, अन् तो एका चित्राला २०० येनच्या आसपास असतो असं नेहमी सांगितलं जातं. टनावर ऊसतोड तशी ही चित्रावर मजुरी समजा. मालिकेचा पैसा घालते ती निर्मिती समिती: प्रकाशक, गाण्यांची कंपनी, टीव्ही वाहिनी, खेळणीवाले असे मिळून. बऱ्याचदा स्टुडिओ हा त्यांचा ठेकेदार. मालिका गाजली तरी त्याला ठरलेलीच रक्कम मिळते. 'जुजुत्सु कायसेन'चा दुसरा सीझन २०२३ मध्ये चालू असताना त्यावर काम करणाऱ्या ॲनिमेटरांनीच वेळापत्रकाबद्दल उघड तक्रारी केल्या होत्या, अन् तो सीझन जगभर गाजत होता.

स्वतः ओळखायचं तर शेवटच्या गाण्यातली नावं बघा. साकुगा कांतोकु हा जपानीत चार चिन्हांचा शब्द आहे, दोन-तीनदा बघितला की ओळखू येतो. त्याच्याखाली एक-दोन नावं असतील तर भाग शांतपणे झालाय. दहा-बारा असतील तर शेवटी धावपळ झालीय. 'दाइनि गेंगा', म्हणजे दुसऱ्यानं साफ केलेला गेंगा, याची यादी गेंगाच्या यादीपेक्षा लांब असली तरी तेच समजा. अन् सीझनच्या मधेच 'आतापर्यंतची गोष्ट' असा उजळणीचा भाग आला तर बहुतेक वेळा तो गाडी रुळावरून घसरल्याचा पुरावा. २०२१ च्या 'वंडर एग प्रायोरिटी'त आठवा भाग असाच उजळणीचा होता, अन् शेवट मालिका संपल्यावर काही महिन्यांनी वेगळा दाखवावा लागला.

हुरडापार्टी

दादांचं बाकी पटतं, पण "नावं जास्त म्हणजे काम बिघडलं" हा नियम आंधळेपणानं लावू नका. मोठ्या मारामारीच्या भागात मुद्दाम चार साकुगा कांतोकु घेतात: एक चेहऱ्यांचा, एक हालचालीचा, एखादा राक्षसांचा किंवा यंत्रांचा. नावं बारा अन् भाग झकास, असंही होतं. भाग साध्या गप्पांचा असून नावं बारा असतील, तर मात्र गडबड नक्की.

आता फिलर. हे का येतात ते आधी. मूळ गोष्ट असते मांगात, म्हणजे साप्ताहिकात छापून येणाऱ्या चित्रकथेत. तिचं एक प्रकरण साधारण १७ ते २० पानांचं. निवांत चालीनं एका भागात दोन-तीन प्रकरणं संपतात. साप्ताहिक आठवड्याला एक देणार, मालिका आठवड्याला दोन-तीन खाणार. वर्षभरात मालिका मांगाला गाठते. मग जुन्या काळी दोनच वाटा होत्या: मधे स्वतःची गोष्ट घालायची, नाहीतर पाणी घालून वाढवायचं. नारुतो अन् ब्लीच पहिल्या वाटेनं गेले. वन पीस दुसऱ्या वाटेनं गेलं. पुढं पुढं तिथं एका भागात एक प्रकरणसुद्धा पुरं होत नाही. ड्रॅगन बॉल झेडमध्ये ग्रह पाच मिनिटांत फुटणार म्हणून सांगतात अन् तो फुटायला दहाएक भाग लागतात, ते याच पाण्यामुळं. (त्याची छाटलेली आवृत्ती 'काई' २००९ पासून आली; झेडचे २९१ भाग, काईचे १६० च्या आसपास. पहिल्यांदा बघणाऱ्यानं काईच बघावी.)

तुमच्यासाठी आकडे:

नारुतो, पहिली मालिका, २२० भाग. १०२ ते १०६ चहाच्या देशाची गोष्ट, सोडा. १३५ पर्यंत मूळ गोष्ट. १३६ पासून जवळजवळ सगळं फिलर, २१९ पर्यंत. २२० मात्र बघा, नारुतो गाव सोडून निघतो तो त्यात आहे. तिथून सरळ शिप्पुदेन, म्हणजे नारुतोची पुढची मालिका.

शिप्पुदेन, ५०० भाग. ५७ ते ७० सोडा. ३४९ ते ३६१ हा काकाशीच्या जुन्या दिवसांचा पट्टा मांगात नाही, पण चांगला आहे, ठेवा. ४३२ ते ४५० सोडाच. युद्ध ऐन रंगात आलेलं असताना ही एकोणीस भागांची आडवाट आहे. ४५१ ते ४५८ इताचीचे, कादंबरीवरून घेतलेले, ते बघा.

ब्लीच, जुनी मालिका, ३६६ भाग. ६४ ते १०९, १६८ ते १८९, २३० ते २६५ अन् ३१७ ते ३४२ असे चार मोठे पट्टे वगळले की गोष्ट जोडून लागते. २०२२ ला परत आलेल्या शेवटच्या पर्वात हा ताप नाही.

सोडताना एक सांभाळा. फिलर पट्ट्याच्या शेवटच्या भागात शेवटच्या दोन-तीन मिनिटांत मूळ गोष्टीचा धागा परत पकडतात. तेवढा तुकडा बघून पुढच्या भागावर जा, म्हणजे "हा इथं कधी आला" होत नाही.

नव्या मालिकांना फिलरची यादी शोधत बसू नका. आता बहुतेक काम हंगामी झालंय. आपलं खरीप-रब्बी तसे त्यांचे चार हंगाम: जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर. एका हंगामाचा माल १२-१३ भाग, त्याला कूर म्हणतात. मांगात पुरेसं पीक उभं राहीपर्यंत शेत पडीक ठेवतात. भाग कमी, वाट लांब, पण पाणी नाही.

जुनं_खोड_नांदेड

नावांबद्दल हुरडापार्टीचं बरोबर. मारामारीच्या भागांना तो नियम सैल धरा.

आता चाहत्यांबद्दल, कारण पोरांच्या हसण्याचं मूळ तिथं आहे. सगळ्यात वैताग आणणारी जमात म्हणजे चालू दृश्य थांबवून फोटो काढणारे. शिप्पुदेनचा १६७ वा भाग पुढं येईल तुम्हाला. पेन नावाच्या खलनायकाशी मारामारी, चेहरे रबरासारखे ताणलेले. त्याचे थांबवलेले फोटो वर्षानुवर्षं टिंगलीसाठी फिरतायत, "बजेट संपलं" म्हणून. तो भाग दिग्दर्शित केला आत्सुशि वाकाबायाशी यांनी. पहिल्या मालिकेतला १३३ वा, नारुतो विरुद्ध सास्के, ज्याला सगळे डोक्यावर घेतात, तोही त्यांचाच. हाताची वळणं तीच आहेत, फक्त १६७ मध्ये जास्त मोकळी सोडलीत. वेगातलं मधलं चित्र मुद्दाम ताणतात, म्हणजे डोळ्याला फेक जाणवते. ते थांबवून बघणं म्हणजे पळत्या बैलाचा फोटो काढून "याला पाचवा पाय आहे" म्हणणं. आवडलं नाही म्हणा, ते चालेल. आळस म्हणू नका. १३३ आता तुमच्या जवळच आलाय, तो चालू गतीत बघा अन् मग १६७ आला की ताडून बघा.

दुसरी जमात स्टुडिओच्या नावानं भांडणारी. स्टुडिओ म्हणजे मंगल कार्यालय. जेवण चांगलं झालं तर आचारी कोण ते विचारा. 'वन-पंच मॅन'चा २०१५ चा पहिला सीझन मॅडहाऊसच्या पाटीखाली झाला, पण तो उभा राहिला दिग्दर्शक शिंगो नात्सुमे यांनी बोलावलेल्या बाहेरच्या चांगल्या हातांवर. २०१९ चा दुसरा दुसऱ्या स्टुडिओकडं गेला, दिग्दर्शकही बदलला, अन् पाहुणे तेच असून जेवण बदललं. याला मोठा अपवाद क्योतो ॲनिमेशन: तिथं माणसं पगारावर अन् काम बरंचसं घरातच, म्हणून हात एकसारखा राहतो.

तिसरी जमात गुणांच्या याद्या तोंडपाठ असणारी. त्या याद्यांत चौथा सीझन पहिल्यापेक्षा वर का दिसतो? ज्यांना पहिला आवडला नाही ते चौथ्यापर्यंत पोचलेच नाहीत. उरलेले भक्त गुण देतात. वरच्या नंबराची मालिका खाली ओढायला दुसऱ्या मालिकेचे भक्त एक-एक गुण टाकतात, तेही चालतं. यादी बघायचीच तर फक्त पहिल्या सीझनचे आकडे बघा, अन् आकड्यापेक्षा मधेच सोडून देणाऱ्यांची संख्या बघा.

"बारा भाग कळ काढ"बद्दल माझा हिशोब असा. बाराव्या भागात घटना बदलतात, माणसं बदलत नाहीत. तीन भागांत पात्रांचं बोलणं कानाला नकोसं झालं असेल तर पुढं तेच बोलणं जास्त मोठ्यानं ऐकायला मिळणार. बोलणं आवडतंय पण काही घडत नाही, असं असेल तर थांबा. 'स्टाइन्स गेट' २४ भागांची, तिचा पहिला अर्धा असाच. लांब मालिकेला भाग मोजू नका, पहिलं मोठं प्रकरण संपेपर्यंत द्या: नारुतोला १९, 'हंटर हंटर'च्या २०११ च्या आवृत्तीला २१, वन पीसला ४४. 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग जपानात २०२३ मध्ये एका बैठकीत दाखवले होते, तुम्हीही तसेच बघा. अन् 'गिन्तामा'चे पहिले दोन भाग जुन्या वाचकांसाठी केलेली मस्करी आहे. नव्या माणसानं तिसऱ्यापासून सुरू करावं. कित्येक जण त्या दोन भागांतच पळून जातात.

कृषीकन्या

हिंदीवर मी बोलते. जपानीच ऐकायला पाहिजे असं काही नाही, अन् हसणाऱ्यांपैकी बरेच जण जपानी ऐकत असले तरी वाचतात इंग्रजीच. जपानीत 'मी'सुद्धा माणूस बघून बदलतो: ओरे म्हटलं की रांगडा, बोकु म्हटलं की मवाळ, वाताशी म्हटलं की सभ्य. समोरच्याला काय म्हणायचं तेही नात्यावर. खालच्या इंग्रजी पाटीत हे सगळं एका 'यू'मध्ये सपाट होतं. हिंदीत तू, तुम, आप आहे. एखादं पात्र भांडणात 'आप'वरून 'तू'वर आलं की आपल्याला लगेच कळतं. थोरल्या भावाला 'निइसान' म्हणतात ते इंग्रजी पाटीत बऱ्याचदा नुसतं नाव होतं. आपल्या घरात थोरल्याला नावानं कोण हाक मारतं?

हिंदीचा तोटा वेगळा आहे. ओठ आधीच हललेले असतात, वाक्य त्यात बसवायचं असतं. जपानीत क्रियापद शेवटी येतं तसं हिंदीतही येतं, म्हणून इंग्रजीपेक्षा बरं जमतं. पण ओठ जास्त वेळ हलले की भरतीला "अच्छा तो", "सुनो" येतं. अन् मुलांच्या वाहिनीसाठी केलेल्या जुन्या डबिंगमध्ये विनोद घुसवलेत, रक्त-दारू कापलीय. म्हणून मालिका नाही, डबिंग कोणत्या वेळचं ते बघा. एक गंभीर दृश्य दोन्ही भाषांत लावा. हिंदीत रडणं खोटं वाटलं तर भाषा बदला.

हसणाऱ्यांना हेही सांगा: 'जंगल जंगल बात चली है' वाली मोगलीची मालिका निप्पॉन ॲनिमेशनची होती, १९८९ ची, ५२ भाग. दूरदर्शनवर हिंदीत आली तेव्हा शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. तो आवाज ऐकून कुणी "मूळ जपानीच पाहिजे" म्हणेल असं वाटत नाही.

यादीत एक घालते. 'गिन नो साजी', म्हणजे चांदीचा चमचा, २०१३ अन् २०१४, प्रत्येकी ११ भाग. होक्काइदोतलं शेतकी हायस्कूल, शहरातून आलेला पोरगा. जिनं 'फुलमेटल अल्केमिस्ट' काढलं त्या हिरोमु आराकावा यांचंच हे; त्या स्वतः होक्काइदोतल्या दूध-धंद्याच्या घरातल्या. गायीला वासरू होताना काय करतात, अंडं कुठून येतं, डुकराला नाव का ठेवू नये, हे सगळं खरं खरं आहे. कर्जात बुडालेल्या गोठ्याचा भाग आहे त्यात, तो परभणीत बसून बघताना खाली काय लिहिलंय ते वाचायची गरज पडत नाही.

परभणीकर_०७

ताई, दादा, लई आभार. अजून दोन गोष्टी. काही मारामारीत वीज चमकली की चित्र एकदम काळवंडतं अन् मागं सावली ओढल्यासारखं होतं. मोबाइल खराब आहे का? अन् नव्या मालिकेची वेळ "गुरुवार २५:३०" अशी लिहिलेली बघितली. पंचवीस वाजतात का कुठं?

हुरडापार्टी

मोबाइल ठीक आहे. १६ डिसेंबर १९९७ ला पोकेमॉनच्या एका भागात लाल-निळा प्रकाश भराभर लुकलुकला अन् जपानात शेकडो पोरांना दवाखान्यात न्यावं लागलं. मालिका चार महिने बंद राहिली. त्यानंतर नियम आले. टीव्हीवर लुकलुकणारं दृश्य अंधारं करतात, नाहीतर दोन चौकटी एकमेकीत मिसळतात. तीच तुम्हाला दिसणारी सावली. ऑनलाइन बऱ्याचदा टीव्हीचीच प्रत येते. नंतर निघणाऱ्या ब्ल्यू-रेत हे काढतात, वाकडे चेहरेही पुन्हा काढून घालतात. म्हणून जुनी मालिका बघताना ब्ल्यू-रेवरून घेतलेली प्रत असेल तर ती निवडा.

२५:३० म्हणजे गुरुवारची रात्र संपून शुक्रवारी पहाटे दीड. रात्री जागणाऱ्याचा दिवस मोडू नये म्हणून तसं लिहितात. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढं, म्हणून त्या आकड्यातून सरळ साडेतीन वजा करा: २५:३० वजा ३:३०, गुरुवारी रात्री १०. वारही बदलत नाही. पण ती जपानी टीव्हीची वेळ. इथल्या ॲपवर कधी त्याच मिनिटाला, कधी तास-दीड तासानं, हिंदी आवाज तर काही आठवड्यांनी. जुन्या सवयीनं पहाटे उठून बसू नका.

डेटाचं: ४८०पी ला एक भाग साधारण १०० ते १५० एमबी, ७२०पी ला त्याच्या दुप्पट-अडीचपट. सपाट रंग असल्यामुळं सिनेमापेक्षा ४८०पी मध्ये ॲनिमे बरा दिसतो. पाऊस, आग, धूळ आली की मात्र चौकोन पडतात. रोजचे तीन भाग ४८०पी वर आरामात बसतात. मारामारीचा मोठा भाग वाय-फायवर उतरवून ठेवा, लाइट गेली तरी अडत नाही. अन् नवा सीझन लावला की सुरुवातीचं गाणं पहिल्या भागात पुढं ढकला. पुढं कोण कुणाशी लढणार ते तिथंच दाखवून मोकळे होतात.

जुनं_खोड_नांदेड

गाणं पुढं ढकलायचं पटलं नाही.  बारावा भाग झाल्यावर परत येऊन बघा, तोवर लपवण्यासारखं काही उरत नाही.

परभणीकर_०७

१०२ ते १०६ गाळले, १०७ लावलाय. हिंदीत.